शब्दचर्चा: रसांकुर, व्हिलाय आणि वजडीवरचे काटे

शहाद्याच्या बाई: शाळेत पचनसंस्था शिकवतेय. लहान आतड्याच्या आतल्या अंगाला जे बारीक उंचवटे असतात त्यांना कुठे 'रसांकुर' म्हणतात, कुठे सरळ 'व्हिलाय'. फळ्यावर काय लिहू? शिवाय एका पोराने विचारलं, "मॅडम, वजडी धुताना हाताला काटे लागतात, तेच का हे?" मी शाकाहारी, काय सांगणार!

भुसावळकर: तेच की! गरम पाण्यात घालून खरवडतो आम्ही.

लॅबवाला, धुळे: नाही भो. वजडी म्हणजे आतडं नव्हेच, ते बोकडाचं पोट. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा. तिथले काटे काही मिलिमीटर लांब, वरचं आवरण कातडीसारखं अनेक थरांचं. रसांकुर जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर, आणि आवरण एकाच पेशीच्या जाडीचं. आत केशवाहिन्या, मधोमध एक पयोवाहिनी. शोषण मात्र दोघंही करतात. जंतूंनी चारा आंबवून तयार केलेली आम्लं वजडीचे काटेच ओढून घेतात. तेव्हा 'शोषणारे काटे' एवढंच सांगितलंत तर पोरगं पुन्हा वजडीवरच येईल.

तापीकाठ: 'पयोवाहिनी' हा शब्द फार आवडला. पय म्हणजे दूध. गास्पारे आसेल्ली या इटालियन वैद्याने 1622 मध्ये नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तेव्हा त्याला या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. पांढरेपणा स्निग्धांशाचा. भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली तर भाकरीतल्या पिठुळाची साखर होऊन ती रक्तातून आधी यकृताकडे जाते. भरितातलं तेल बहुतेक या वाहिनीतून वर चढतं आणि डाव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळतं.

यावलचा भाऊ: बाई, 'रसांकुर'च लिहा. रस शोषणारा अंकुर, पोरांना फोड करून सांगता येतं.

लॅबवाला, धुळे: रस ठीक, अंकुराबद्दल माझी तक्रार आहे. कोंब शेंड्याकडे वाढतो. इथे नव्या पेशी बुडाशी, रसांकुरांमधल्या खोलगट खाचांत, म्हणजे लीबरक्यूनच्या ग्रंथींत जन्मतात, वर सरकत जातात आणि साधारण 3 ते 5 दिवसांत टोकावरून गळून पडतात. म्हणजे वाढ मुळाकडून. 'व्हिलाय'चं एकवचन 'व्हिलस', लॅटिनमध्ये त्याचा अर्थ झुबकेदार केस, ते जास्त जुळतं. पण 'आतड्यातले केस' वर्गात म्हणून बघा, पोरं डबा खाणार नाहीत.

तापीकाठ: मग त्या पेशींवरचे आणखी बारीक उंचवटे? 'सूक्ष्मरसांकुर'?

लॅबवाला, धुळे: हो. उंची सुमारे 1 मायक्रोमीटर, एका पेशीवर हजारो. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज तिथेच बसलेलं असतं. आतड्याचं क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढं, हे वाक्य मात्र आता सोडा. 2014 च्या मोजणीत संपूर्ण अन्नमार्गाचं मिळून सुमारे 32 चौरस मीटर निघालं.

शहाद्याच्या बाई: दादा, उपकार झाले. मोठ्या आतड्यालाही रसांकुर म्हणावं का?

लॅबवाला, धुळे: तिथे ते नसतातच. नुसत्या ग्रंथी, आणि चिकट श्लेष्मा सोडणाऱ्या चषकपेशींची गर्दी. 'आतड्यात रसांकुर' असं मोघम लिहू नका, 'लहान' हवंच.

भुसावळकर: वजडीच्या काट्यांना काय म्हणायचं ते राहिलंच की!

यावलचा भाऊ: काटेच म्हण, भो.