यादीत नाव पाहिजे, हौस नव्हे

निवडणुकीच्या सर्व्हेत भाग कसा घ्यायचा, यावर कुणी म्हणतं, "लिंक उघडून मत नोंदवलं की झालो सर्व्हेत सामील." हे म्हणणं काही पटलं नाही. तिथं ज्याला हौस तो दहादा बटण दाबतो. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्थेच्या सर्वेक्षणात आपण होऊन नाव देताच येत नाही. मतदारयादीतून ठरावीक अंतरानं नावं उचलतात आणि मुलाखत घेणारा त्याच माणसाला शोधत घरी येतो. म्हणजे यादीत नाव-पत्ता नीट ठेवायचा, कुणी आलंच तर ओळखपत्र बघून बोलायचं, एवढंच आपल्या हातात. मत कुणाला, हे तोंडानं सांगावं लागत नाही. नमुना मतपत्रिकेवर खूण करून, घडी घालून पेटीत टाकायची.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरकडं मात्र यादीतली बाई चुलीपाशी आणि ओसरीवर दीर बसलेला, "आमच्या घरचं मी सांगतो की!" सर्व्हेवाली पोरगी वस्ताद, त्याला हो-हो म्हणत कागद घेऊन सरळ आत गेली. आणि दिवाळीनंतर आलात तर बऱ्याच दारांना कुलूप, माणसं उसतोडीला. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, म्हणजे ऐन टोळ्या निघायच्या दिवसांत. कुलपाला काय विचारणार?