नॉरफोकचा म्हातारा ड्यूक: मुरब्बी की नुसता नशीबवान?

आडवाटेचा (धागाकर्ता):
इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या काळातल्या सरदारांचा विषय निघाला की नॉरफोकचा तिसरा ड्यूक थॉमस हॉवर्ड 'कसलेला दरबारी' म्हणून हटकून पुढे केला जातो. आठव्या हेन्रीच्या राज्यात भल्याभल्यांची मुंडकी उडाली, आणि हा पठ्ठ्या १५५४ साली, ऐंशी उलटल्यावर, केनिंगहॉलच्या आपल्या वाड्यात मेला.

मला हे कसलेपण पटत नाही. २७ जानेवारी १५४७ ला त्याला दोषी ठरवणाऱ्या कायद्यावर राजाच्या वतीने मंजुरी झाली होती, दुसऱ्या दिवशी मान उतरायची. त्याच रात्री हेन्री मेला. यात हुशारी कुठे आली?

उलट त्याचा जन्म भीतीत गेला. आजा १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत, हरलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या बाजूने लढताना पडला. किताब गेला, जमिनी गेल्या, बाप लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे राजाच्या तुरुंगात. बापाने स्कॉटलंडविरुद्ध फ्लॉडनची लढाई जिंकली तेव्हा कुठे १५१४ मध्ये ड्यूकपद घरात परत आलं. राजाने दिलेलं राजा कधीही काढून घेतो, हे ज्याने लहानपणीच पाहिलं, त्याला सैतान ठरवून काय मिळणार?

खवट_काकू:
अरे वा, बिच्चारा! १५३६ मध्ये सख्ख्या भाचीच्या, हेन्रीची राणी ॲन बोलिनच्या, खटल्यात हाच प्रमुख होता. जाळा नाहीतर शिरच्छेद करा, राजाची मर्जी, ही शिक्षा यानेच वाचली. पुढे पुतणी कॅथरीन हॉवर्ड, हेन्रीची आणखी एक राणी, अडकली तेव्हा राजाला पत्र लिहून हात झटकले. भीती सगळ्यांनाच असते हो. सगळे घरच्या मुलींचा बळी देत नाहीत.

सरळसोट:
काकू, शिक्षा वाचताना तो रडला अशीही नोंद आहे. आणि नाही म्हणाला असता तर? खुर्चीवर दुसरा कोणी बसला असता आणि हा ॲनच्या शेजारच्या कोठडीत.

खवट_काकू:
हेन्रीने मारलेला माजी चॅन्सेलर थॉमस मोर म्हणालाच की नाही! नॉरफोकने त्याला बजावलं होतं, राजाचा कोप म्हणजे मरण. त्यावर मोरचं उत्तर त्याच्या जावयाने लिहून ठेवलंय: एवढंच ना? मग तुमच्यात-माझ्यात फरक इतकाच, मी आज मरेन, तुम्ही उद्या.

पारावरचा:
मोर-बोलिन ही दरबारातली माणसं, त्यांची नावं तरी राहिली. उत्तरेकडच्या शेतकऱ्यांचं काय? हेन्रीच्या धर्मबदलांविरुद्धच्या १५३६ च्या बंडात डॉनकास्टरला बंडखोर जास्त आणि याचं सैन्य कमी, म्हणून बोलणी केली. आधीच राजाला कळवून ठेवलं होतं की मी काहीही वचन दिलं तरी पाळणार नाही. पुढल्या वर्षी कार्लाइलकडे लष्करी कायदा लावून ७४ जणांना त्यांच्या त्यांच्या गावात फासावर लटकवलं. ज्युरीपुढे नेले असते तर यातला पाचवा हिस्साही मेला नसता, हे त्याने स्वतःच लिहिलंय. बायका-आयांनी रात्री चोरून प्रेतं उतरवून पुरली, तर तीही चौकशी यानेच केली. ही कुठली भीती?

आडवाटेचा:
@पारावरचा, गावोगाव फास लावा हा हुकूम हेन्रीचा होता. बंडखोरांशी याचं आतून साटंलोटं आहे असा संशयही होताच, कारण हाही जुन्या, कॅथलिक धर्माचा. हात आखडता घेतला असता तर पुढचा फास याचा. कृत्य घाणेरडं आहे, नाही म्हणत नाही. पण ते राजाच्या पदरी राहण्याचं भाडं होतं.

खवट_काकू:
आणि बायकोला कोंडलं ते कुणाच्या हुकमाने? एलिझाबेथ स्टॅफर्ड, बकिंगहॅमच्या ड्यूकची लेक. बेस हॉलंड या बाईला घरात आणल्यावर हिने तोंड उघडलं, तर हा रात्रभर घोडा दामटत आला, हिला खोलीत बंद केलं आणि दागिने-कपडे काढून घेतले. राजाचा मंत्री क्रॉमवेल याला तिने तसं लिहिलंय. तिमाहीला ५० पौंड हातावर टेकवून रेडबोर्नला पाठवून दिलं.

डिसेंबर १५४६ मध्ये हा पकडला गेल्यावर केनिंगहॉलवर राजाची माणसं पहाटे धडकली, तेव्हा पोटच्या विधवा पोरीच्या पेट्या रिकाम्या निघाल्या. कर्ज फेडायला तिने दागिने विकले होते. बेसबाईंकडे मात्र सोनं, मोती, अंगठ्या! पोरीने आणि बेसने दोघींनी चौकशीत तोंड उघडलं, यात नवल ते काय.

सरळसोट:
हा मुद्दा तगडा आहे. तरी टॉवरमधून त्याने काय मागितलं तेही बघा: अंथरायला चादरी, दिवसा बाहेरच्या खोलीत फिरायची मुभा, आणि पुस्तकं, कारण वाचल्याशिवाय झोप येत नाही. राक्षस म्हणून रंगवायला हा माणूस जरा जास्तच साधा आहे.

पारावरचा:
पुस्तकं वाचणारे फाशी देत नाहीत असं थोडंच आहे! १९ जानेवारी १५४७ ला मुलगा सरे, चांगला कवी, चिन्हावर राजघराण्याची निशाणी घातली म्हणून मारला गेला. त्याच्या आठवडाभर आधी बापाने कबुलीजबाबात मुलाचा गुन्हा लपवल्याचं मान्य करून टाकलं होतं. आणि १५५३ ला हेन्रीची मुलगी मेरी राणी झाली, तिने टॉवरमधून सोडल्याबरोबर हा ऐंशीचा म्हातारा पुन्हा न्यायाच्या खुर्चीवर, तिला गादीपासून रोखू पाहणाऱ्या नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकला मरणाची शिक्षा सुनावायला. तेव्हा कोण मानगुटीवर बसलं होतं?

आडवाटेचा:
त्या ऑगस्टमध्ये त्याच्यावरचा १५४७ चा ठपका संसदेने अजून पुसला नव्हता. जमिनी परत यायच्या होत्या. राणी म्हणेल त्या खुर्चीवर तो बसणारच.

खवट_काकू:
म्हणजे भीती नाही, जमिनी. हेच तर मी पहिल्यापासून सांगतेय.