स्टार्ट-स्टॉप चालू ठेवावं का बंद? आपल्या इकडच्या लोकांनी सांगा

कापूसवाला_हिंगणघाट:
नमस्कार मंडळी, घरी डिझेल गाडी घेतली, मॅन्युअल गिअरची. तिच्यात स्टार्ट-स्टॉप हाय, म्हणजे थांबलं की इंजिन आपोआप बंद होते: न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद अन् क्लच दाबला की चालू. नागपूरले वर्धा रोडच्या सिग्नलवर हे बरं वाटते पण इकडं बाजार समितीसमोर कापसाच्या ट्रॅक्टरची लाईन लागली की गाडी दोन हात सरकते अन् थांबते, दर वेळी बंद-चालू बंद-चालू. बाबा म्हणते स्टार्टर जाईन. स्टार्ट-स्टॉपचं बटन दाबून ते बंद केलं तं पुढच्या वेळी चाबी फिरवली की पुन्हा सुरू. अन् मे महिन्यात पारा 45 च्या वर, मागं आई बसलेली, एसीचं काय?

डिझेलभाऊ:
बाबांले सांगा स्टार्टरची चिंता नको. या गाड्यांचा स्टार्टर अन् बॅटरी दोन्ही त्याच हिशोबानं दणकट देतात. अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेनं मोजलं, 10 सेकंदाच्या वर थांबायचं असन तं इंजिन बंद करून पुन्हा चालू करणंच कमी इंधनात होते. लायनीत दोन हातच सरकायचं असन तं पहिला गिअर टाकून क्लच दाबून ठेवा, बंदच होत नाही. पण जास्त वेळ असं करू नका, क्लचचं बेअरिंग घासते.

वणीची_ताई:
दादा, उन्हाळ्यात मी तं सरळ बंद ठेवते. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालते, इंजिन थांबलं की थंड हवा गेली, नुसता पंखा फिरते. गाडी आतून पुरेशी थंड नसली तं ते इंजिन बंदच करत नाही हे खरं, पण एकदा थंड झाली की बंद करते अन् आपल्या उन्हात आत तापायले किती वेळ लागते. लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस असलं तं दोन पैशाच्या डिझेलपायी त्यांचा जीव कायले कासावीस करायचा? बटन दाबलं तं गाडीचं काहीच बिघडत नाही.

डिझेलभाऊ:
ताईचं एसीचं पटलं. अजून एक, हायवेवर जोरात हाणून आले अन् टोलवर एकदम थांबले तं टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) तापलेला असते, तेव्हा इंजिन थोडं चालू राहू द्या, लगेच बंद झालं तं टर्बोच्या बेअरिंगले तेल मिळत नाही. पण फाटक लागलं तं चाबीनंच बंद करा न भाऊ, तिथं बटनाचा वाद कायले? आगगाडी येईपर्यंत दहा गाड्या धूर सोडत उभ्या असतात, मले हेच पाहवत नाही.

यवतमाळकर:
बॅटरीचं कोणीच बोललं नाही अन् खरा खर्च तिथंच हाय. माझ्या भावाच्या गाडीत एका दुकानदारानं स्वस्तात साधी बॅटरी बसवून देली, म्हणे सगळ्या सारख्याच असतात. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीले ईएफबी नाहीतं एजीएम नावाची, घडीघडी बंद-चालू सोसणारी खास बॅटरी लागते, साधी बॅटरी इतक्या वेळा उतरणं-चढणं सोसत नाही. भावानं नंतर बटन दाबून फीचर बंदच ठेवलं तेव्हा कुठं ती टिकली. दुकानदारानं आधी सांगाले पाहिजे होतं.

कापूसवाला_हिंगणघाट:
लय धन्यवाद, ताई तुमचं आईले वाचून दाखवलं. उन्हाळ्यात बंद, दिवाळीनंतर नागपूरले जाताना चालू, असं ठरवलं. यवतमाळकर भाऊ, माझी बॅटरी कोणती हाय ते कसं ओळखू?

यवतमाळकर:
बोनेट उघडा, बॅटरीच्या वरच्या स्टिकरवर ईएफबी किंवा एजीएम लिहिलेलं असते. फोटो काढून ठेवा अन् बदलताना तोच दुकानात दाखवा. काही गाड्यांत नवी बॅटरी टाकल्यावर मशीन लावून गाडीले कळवावं लागते, तेही विचारून घ्या.