मलिदा चाखायला कूपन, दफनभूमीत गुडघाभर गवत

वाटसरू
मागच्या रविवारी आमच्या भागातल्या इतिहास मंडळाने बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या वारशावर दिवसभराचा कार्यक्रम घेतला. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, शनिवारी सब्बाथ, काम न करण्याचा दिवस, तेलाचा घाणा बंद म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणू लागले, सगळं साग्रसंगीत झालं. संध्याकाळी द्रोणातून मलिदा, कूपन २०० रुपये.

मलिदा हे नवसाचं ताट आहे हो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव घेऊन, प्रार्थना म्हणून मग तोंडात घालायचं. इथे निवेदक माइकवरून 'लाइन मोडू नका, शेवटपर्यंत पुरेल' सांगत होता! वक्ते सहा, समाजातला एकही नाही. येताना समाजाच्या दफनभूमीत डोकावलो तर गवतात दगडसुद्धा दिसेनात. माझं मत स्पष्ट आहे : त्या समाजाच्या हाती सूत्रं नसतील तर असले कार्यक्रम घेऊच नयेत.

घाण्याचा बैल
असहमत. द्रोण वाटणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा शिव्या इकडे पाठवा.
सूत्रं कोणाच्या हाती द्यायची? तालुक्यात दोन घरं उरलीत, दोन्हीकडे सत्तरी ओलांडलेली माणसं. बाकीचे १९४८ नंतर हळूहळू इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोनाला गेले. दोन्ही घरी आम्ही महिनाभर आधी जाऊन आलो. एक आजोबा म्हणाले, 'तुम्ही करा, मी खुर्चीत बसून बघतो.' अलिबागला 'इस्रायल आळी' आहे हे कॉलेजातल्या पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. २०० रुपयांत हॉलचं भाडंही सुटलं नाही, ते वेगळंच.

दफ्तरदार
मलिद्याचं काय ते तुम्ही बघा. मला खटकलं ते स्टेजवरून गलबताबद्दल सांगितलेलं 'बरोब्बर २००० वर्षांपूर्वी'. गलबताची गोष्ट परंपरेने आलेली, तिला साल चिकटवायला कागद नाही. जिथे कागद आहे तिथे मात्र मंडळ अडीच मिनिटांत पुढे सरकलं. कंपनीच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला शार हारहमीम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, मशीद बंदर हे नावही त्यावरूनच पडल्याचं सांगतात. समाजातल्याच हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून ठेवला, तो छापून यायला १९३७ उजाडलं. म्हणजे यांचा इतिहास यांनीच लिहिलाय. तो वाचून तरी माइक धरावा.

घाण्याचा बैल
साल आमचं चुकलं, मान्य. पण तासभर केहिमकर वाचले असते तर समोर फक्त तुम्ही उरला असता.

माहेरवाशीण
मी याच समाजातली. आजोळ पेणकडचं, आता ठाण्यात.
वाटसरू, तुमचा राग कळला, पण मलिद्याचं एवढं मनावर घेऊ नका. आजीचा नवस फिटला की पहिला द्रोण शेजारच्या कोळीणमावशींकडे जायचा, परकरातली मी तो घेऊन धावायची. कूपन मात्र नको होतं. विकत कधी कोणाला दिला नाही.

मला लागलं ते दुसरंच. व्हिडिओत निवेदक तीनदा म्हणतो, 'आपले हे पाहुणे'. रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी आमची आडनावं. पाहुण्याला गावाचं नाव कोण लावतं? आजीच्या वहीत हिब्रू प्रार्थना बाळबोध अक्षरांत उतरवलेल्या आहेत. १९ व्या शतकाच्या अखेरीस आमच्याकडे बायबलातल्या योसेफ-मोशेची आख्यानं मराठी कीर्तनातून होत. सहा भाषणांपेक्षा असं एक कीर्तन ठेवायचं होतं, कॉलेजची पोरंसुद्धा बसली असती.

वाटसरू
मलिद्याबाबत माघार. वक्त्यांबाबत नाही. ठाण्याहून कोणी आलं असतं, विचारलंच नाही, हे तुमच्या प्रतिसादानेच सिद्ध झालं.

घाण्याचा बैल
विचारायला हवं होतं. ताई, पुढच्या वेळी पहिला फोन तुम्हाला. आणि गवताचं म्हणाल तर बोलण्यात कशाला वेळ घालवायचा? शनिवारी सकाळी सातला कोयते घेऊन जमू. वाटसरू, तुम्हीही या.

माहेरवाशीण
शनिवारी? अहो, आमच्या वाडवडिलांना शनवार तेली का म्हणत, हेच सकाळी सांगितलंत ना स्टेजवरून? रविवारी ठेवा. मी येते, वही घेऊन.