हँगर म्हणजे मोठी शेडच ना? मग दारावरून एवढा गोंधळ का?

पोर्टलवाली:
नमस्कार मंडळी. आतापर्यंत माझं सगळं काम कारखान्याच्या शेडचं. ३० मीटर स्पॅन, पोर्टल फ्रेम (दोन खांब आणि वर छताची तुळई, म्हणजे राफ्टर, यांची चौकट), फार तर मधे एक कॉलम. आता टेबलावर विमान दुरुस्तीचा हँगर आलाय. आत ७७७-३००ईआरसारखं मोठं विमान उभं राहायचं, म्हणजे पंखांची रुंदी जवळजवळ ६५ मीटर. दार गेबलच्या (इमारतीच्या टोकाच्या भिंतीच्या) बाजूला, मोकळी रुंदी ७५ मीटर धरली आहे. राफ्टर सॉफ्टवेअरमध्ये बसवला, स्ट्रेंथला पास झाला, स्टीलचं वजनही आटोक्यात आहे. आमच्या साहेबांचं म्हणणं, "शेडच आहे, जरा मोठी." पण चेकिंगवाल्यांनी ड्रॉइंग परत पाठवलं आणि वर दोनच शब्द लिहिले: "दार कुठलं?" दार तर सगळ्यात शेवटी बसतं. त्याचा फ्रेमशी एवढा काय संबंध? जाणकारांनी सांगावं.

इरेक्शनवाले_आबा:
चेकिंगवाला जाणता दिसतोय, त्याला धरून राहा.

शेडच्या गेबलला पोस्ट असतात. वारा पत्र्यावरून गर्टवर (भिंतीचा पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्टीवर), गर्टवरून पोस्टवर आणि तिथून छताच्या ब्रेसिंगमध्ये (फ्रेम एकमेकींना बांधणाऱ्या तिरक्या टेकूंमध्ये) जातो. हँगरच्या तोंडाला यातलं काहीच नाही, नुसतं ७५ मीटरचं भगदाड. दार बंद असताना सगळा वारा दारावर येणार. दाराची उंची २० मीटर धर, वाऱ्याचा दाब सोयीसाठी चौरस मीटरला १ किलोन्यूटन धर (तुझ्या जागेचा खरा आकडा तू काढ). निम्मा भार खालच्या रुळाला, निम्मा वरच्या गाइडला. म्हणजे हेडरला (दारावरच्या आडव्या तुळईला) मीटरमागे १० किलोन्यूटन आडवा भार, सगळा मिळून ७५० किलोन्यूटन. हा पंचाहत्तर टनांचा जोर छताच्या एका कडेवर येतो आणि मधे कुठेही टेकू न मिळता तो दोन्ही बाजूच्या भिंतींपर्यंत न्यायचा असतो. त्याला छताच्या पातळीत आडवा ट्रस लागतो, चांगला खोल. तुझ्या मॉडेलमध्ये तो आहे का? शेडसारखे शेवटच्या बेमध्ये (दोन फ्रेममधल्या गाळ्यात) क्रॉस रॉड टाकून हे भागणार नाही.

आता उभं डिफ्लेक्शन, म्हणजे हेडर खाली किती वाकतो ते. शेडच्या सवयीने स्पॅन भागिले २४० घेतलंस तर ७५ मीटरला ३१२ मिलिमीटर येतं. कागदावर पास! पण त्याच हेडरखाली दाराची गाइड आहे. दार खालच्या रुळावर चालणारं असेल तर त्याचं वजन रूळ घेतो, वर फक्त गाइड. छत खाली आलं तर त्या गाइडने दाराची पानं दाबायची नाहीत, आणि वाऱ्याने छत वर उचललं तर पानांना सोडायचंही नाही. दोन्हीकडची हालचाल मिळून गाइडची खोली ठरते. दार बनवणारा किती हालचाल चालेल ते सांगतो, आणि बहुतेक वेळा हेडरचं सेक्शन त्या आकड्यावरच ठरतं, स्ट्रेंथवर नाही. वर गुंडाळलं जाणारं कापडी दार असेल तर सगळं गणितच बदलतं. त्याचं वजन हेडरला टांगलेलं असतं, शिवाय वारा भरला की कापड फुगतं आणि दोन्ही बाजूंचे खांब आत ओढतं. म्हणून दार आधी ठरवायचं, मग फ्रेम.

एका साइटवर दार बसवणाऱ्यांनी घाई करून, छत चढायच्या आधीच, वरची गाइड लेव्हलला लावून बोल्ट आवळले. नंतर पत्रा, इन्सुलेशन, डक्ट, स्प्रिंकलरचे पाइप चढले, हेडर भाराने खाली वाकला आणि मधली पानं जाम. ब्रॅकेटला उभी ओव्हल भोकं होती म्हणून निभावलं, नाहीतर गॅस कटर आणावा लागला असता. तू ती भोकं डिटेलमध्ये दे आणि "छताचा कायमचा भार चढल्यावरच गाइड लेव्हल करणे" हे वाक्य ड्रॉइंगवर ठळक लिही. कॅम्बर (तुळईला आधीच दिलेला वरचा बाक) द्यायचा तोही त्याच भारासाठी.

छप्परफाड:
आबांच्या पुढचं थोडं. दार उघडं असताना वारा आत शिरला तर? अमेरिकन कोडने काम करत असाल तर एएससीई ७ मध्ये बंद इमारतीला आतल्या दाबाचा गुणांक ±०.१८ आहे, अर्धवट बंद (एका बाजूला मोठं दार उघडं राहिलेल्या) इमारतीला ±०.५५. तिप्पट. आतून वर ढकलणं आणि बाहेरून वर ओढणं, दोन्ही एकदम. छत हलकं असल्यामुळे निव्वळ भार वरच्या दिशेने होतो. मग ट्रसचा बॉटम कॉर्ड (खालची लांब पट्टी), जो जन्मभर टेन्शनमध्ये (ताणात) राहणार असं आपण धरलेलं असतं, तो कॉम्प्रेशनमध्ये (दाबात) जातो. त्याला आडवा आधार नसेल तर बकलिंग, म्हणजे तो बाजूला वाकून निकामी होतो. राफ्टर असेल तर तीच गोष्ट खालच्या फ्लेंजची (तुळईच्या खालच्या पट्टीची), तिथे फ्लाय ब्रेस (तिला बाजूने धरणारे तिरके टेकू) लागतात. कॉलमखालचे अँकर बोल्टही ओढले जातात, तेव्हा फाउंडेशनचं वजन पुन्हा तपासा.

"वादळात दार बंदच ठेवतील" या भरवशावर ±०.१८ घेणारे लोक मी पाहिलेत. दाराची मोटर बिघडायला वादळाचाच मुहूर्त सापडतो.

एअरसाइड_पासधारक:
मी डिझाइनवाला नाही, विमानतळाच्या आतली कामं सांभाळतो. दोन गोष्टी ऑफिसात बसून लक्षात येत नाहीत.

एक, उंची. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अनेक्स १४ च्या प्रचलित नियमांप्रमाणे मोठ्या रनवेच्या स्ट्रिपच्या (रनवेभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याच्या) कडेपासून १४.३ टक्के चढाचा काल्पनिक पृष्ठभाग वर जातो, ४५ मीटरपर्यंत. हँगर त्याच्या खाली बसला म्हणून खूश होऊ नका. तो उभारणाऱ्या क्रेनचं बूम त्यात घुसलं तर रात्री, रनवे बंद असताना काम करावं लागतं. हे कळल्यावर जमिनीवर पूर्ण छत जोडून स्ट्रँड जॅकने (पोलादी दोर खेचणाऱ्या जॅकने) उचलायची पद्धत अचानक स्वस्त वाटू लागते. शिवाय पत्र्याची मोठी सपाट भिंत आयएलएसचा (विमानाला रनवेवर उतरायला वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा) सिग्नल परावर्तित करते, त्याची तपासणी जागा पक्की व्हायच्या आधी.

दोन, कचरा. बोल्ट, वॉशर, स्क्रूने पत्रा भोसकताना उडणारा कीस. २५ जुलै २००० ला पॅरिसमध्ये कॉन्कॉर्डचा टायर फाटला तो धावपट्टीवर पडलेल्या सुमारे ४३ सेंटीमीटरच्या धातूच्या पट्टीने. टायरचा तुकडा टाकीवर आदळला, आग लागली आणि विमान कोसळलं. त्यामुळे आमच्याकडे बोल्ट मोजून देतात आणि उरलेले मोजून घेतात. रिगर मंडळी कुरकुरतात, चालायचंच.

पोर्टलवाली:
बाप रे. आभार सगळ्यांचे. आडवा ट्रस मॉडेलमध्ये नव्हता, आणि राफ्टरची खालची फ्लेंज मी मधे कुठेही धरलेली नाही. दार बनवणाऱ्याला आज मेल टाकते. आबा, शेपटीचा डॉक (शेपटीभोवती उभं राहून काम करायचा मचाण) छतावरून टांगायचा विचार चाललाय, त्याला किती लोड ठेवू? आणि इरेक्शनचा क्रम मी द्यायचा की ठेकेदाराने?

इरेक्शनवाले_आबा:
डॉकचा लोड डॉक बनवणाऱ्याकडून घे, मनाने टाकू नकोस. त्याचे रूळ एका फ्रेमवरून दुसऱ्या फ्रेमवर जातात, म्हणून शेजारच्या दोन फ्रेम वेगवेगळ्या किती वाकतात ते बघ. एकटीचं डिफ्लेक्शन बघून कळत नाही. उंचीही पुन्हा मोज: शेपटीचं टोक साधारण साडेअठरा मीटरवर असतं, पण चाकांची तपासणी करताना विमान जॅकवर उचलतात आणि शेपटी आणखी वर जाते. आणि छतावर पुढे काय चढेल त्याचाही विचार कर. बैकोनूरच्या अवकाशतळावर १२ मे २००२ ला छताची दुरुस्ती चालू असताना हॉलचं छत पडलं. ८ कामगार गेले, आणि १९८८ मध्ये अवकाशात जाऊन आलेलं सोव्हिएत बुरान यान खाली चेपलं.

क्रम ठेकेदार ठरवू दे, पण अर्धवट उभी फ्रेम कशावर टिकते हे तुझ्या ड्रॉइंगवरून त्याला कळलं पाहिजे. ३१ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत बॉयझी विमानतळावर स्टीलचा हँगर उभा करतानाच कोसळला, ३ जण गेले. तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने नोंदवलं की तात्पुरतं ब्रेसिंग, गाय रोप (फ्रेमला ताणून धरणारे दोर) आणि जोडांतले बोल्ट पुरेसे नव्हते. लांब राफ्टर एकटा उभा असताना फार लवचीक असतो, त्याची खरी ताकद पर्लिन (छताचा पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि ब्रेसिंग लागल्यावर येते.

तुझ्या हँगरमध्ये मागच्या गेबलकडचा ब्रेस्ड बे आधी. दोन फ्रेम, मधले सगळे पर्लिन, छताचं आणि भिंतीचं कायमचं ब्रेसिंग, सगळे बोल्ट, ओळंबा. हे झाल्याशिवाय क्रेनने तिसरी फ्रेम उचलायची नाही. तिथून एकेक फ्रेम दाराकडे. दाराकडची शेवटची फ्रेम आडव्या ट्रससकट बंद होईपर्यंत तिचे गाय रोप काढायचे नाहीत, समोर कोणाची कितीही गाडी अडली तरी.