मदत हवी आहे: मणक्याच्या दुखापतीनंतर घरी व्यायाम कसा आणि किती?

आम्ही देवगड तालुक्यातले. गेल्या वर्षी एप्रिलअखेर माझा धाकटा भाऊ (वय ३१) आंबे काढताना झाडावरून पडला. दुखापत डी-१० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याला. बेंबीखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. हात मात्र शाबूत आहेत.

घरी सोडताना पायांचे व्यायाम एका कागदावर लिहून दिले होते. सांधे आखडू नयेत म्हणून रोज दोन वेळा मी त्याचा घोटा, गुडघा, खुबा हलवून देते. पण यात मेहनत माझी होते, तो नुसता पडून असतो. आंब्याच्या पेट्या घेऊन पाखाडी चढणारा माणूस, आता अंगणात व्हीलचेअरच्या चार फेऱ्या मारल्या तरी धापा टाकतो. पोट सुटलंय. उजवा खांदा दुखतो. मी हातांच्या व्यायामाचं काढलं की म्हणतो, "हात हलवून काय पाय चलतले?" आई घाबरते, ताण पडून अजून काही बिघडेल म्हणून.

मला त्याला चालवण्याबद्दल विचारायचं नाहीये. तो धडधाकट राहायला हवा, एवढंच आहे. फिजिओथेरपिस्टकडे जायला कणकवली गाठावी लागते, महिन्यातून एकदा जमतं. मधल्या दिवसांत घरी काय करून घेऊ? खांदा दुखत असताना हातांचा व्यायाम चालेल का? आणि तो लहानपणापासून खाडीत पोहायचा, ते पुन्हा कधी जमेल?

प्रतिसाद

ताई, मी डी-१२, चौदा वर्षं व्हीलचेअरवर आहे, रत्नागिरीजवळ राहतो. भावाला सांगा, हात हेच आता त्याचे पाय आहेत. खांदा गेला तर पलंगावरून खुर्चीत यायलाही माणूस लागेल.

मणका नीट जुळून आलाय, हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. खांदाही दाखवा. आमच्यासारख्यांसाठी २०१८ साली आंतरराष्ट्रीय शिफारशी आल्या, त्यात सुरुवातीचं माप असं आहे: आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम, आणि दोनदा ताकदीचा, चालू असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटाचे तीन-तीन सेट. हृदय आणि साखरेसाठी पुढे आठवड्यातून तीनदा ३० मिनिटांवर जायचं. दम किती? बोलता यावं, गाता येऊ नये. त्याला २० मिनिटं एकदम जमणार नाहीत, पाच-पाच मिनिटांनी सुरू करा.

खांद्याचं कारण बहुधा ढकलणं. दिवसभर चाक पुढे ढकलून छातीचे स्नायू आवळतात, पाठीकडचे कमजोर राहतात. म्हणून ओढण्याचे व्यायाम जास्त हवेत. पडवीच्या खांबाला छातीच्या उंचीवर रबरी पट्टा बांधा, कोपर मागे नेत हळू ओढायचं. मी सुरुवातीला सायकलची जुनी ट्यूब वापरायचो. दुखतंय तोवर डोक्यावर वजन उचलणं नको. चाकांत हवा नीट ठेवा. कमी हवेची खुर्ची खांदा खाते, हे मला फार उशिरा कळलं.

खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी एका बाजूला झुकून किंवा पुढे वाकून बुडावरचा भार काढायचा. रात्री आरशात कातडी बघा. लाली जात नसेल तर ती उतरेपर्यंत त्या जागेवर बसायचंच नाही, व्यायामही बंद. मे महिन्यात पहाटेच करा. दुखापतीखाली घाम नीट येत नाही, अंग तापतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी: दुखापत डी-६ किंवा त्यावर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर लगेच ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडलीय का बघा. रक्तदाब जीवघेणा वाढतो. उतरला नाही तर तडक दवाखाना.

पोहणं जमतं, पण आधी तलावात, सोबत जाणकार माणूस घेऊन. खाडीत कालवांनी पाय कापला तर त्याला कळणारही नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात मणक्याला गोळी लागली. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी जिंकलं. हे भावाला नक्की सांगा.

धागाकर्ती

दादा, तुमचं सगळं त्याला वाचून दाखवलं. पेटकरांचं दोनदा वाचायला लावलं. डॉक्टरांची परवा वेळ घेतलीय. ट्यूब त्याने स्वतःच शेजाऱ्यांकडून मागवून ठेवलीय. चाक ढकलताना त्याच्या तळव्यांना फोड येतात, त्यासाठी तुम्ही कसले हातमोजे वापरता?