जुनं थेटर पाडणार, निदान मशीन तरी वाचवता येईल का?

चिरेबंदी: मालवणजवळच्या आमच्या गावातलं थेटर बंद पडून बरीच वर्षं झाली, आता मालक जागा विकतायत. जांभ्याच्या भिंती अजून ठणठणीत आहेत पण कौलं गळतात, आणि प्रोजेक्टर रूममध्ये दोन जुनी ३५ एमएम मशीनं आणि काही रिळं तशीच पडलीयत. भंगारवाला येण्याआधी काय करावं?

पाणंद: भंगारात अजिबात देऊ नका! दोन्ही मशीनं जोडीनेच ठेवा. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालायचं, म्हणून दोन मशीनं लागायची. माका अजून आठवता, पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपको दिसलो की आपरेटर दुसरा मशीन सुरू करी आणि आमका खाली पत्तोच लागायचो नाय.

सुरंगी: रिळांना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो का ते आधी बघा. येत असेल तर अॅसिटेट फिल्म कुजायला लागलीय, दमट हवेत हे फार झपाट्याने होतं आणि शेजारच्या रिळांनाही लागतं, तेव्हा ती वेगळी काढा आणि घरी चालवून बघायच्या भानगडीत पडू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाका, १९६४ पासून त्यांचं कामच हे आहे.

चिरेबंदी: वास येतोय, दोन डब्यांना. उद्याच वेगळे करतो. तिकिटांची पुस्तकं आणि हाताने रंगवलेले बोर्ड पण आहेत, तेही उचलतो.

पाणंद: बोर्ड आधी उचला, पाऊस तोंडावर आलाय.